तेक्ला आत्याचे अश्रू

पुएब्ला शहरातल्या सेलेदोनिओच्या दिवाणखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतीवर त्याच्या बहिणीचं, तेक्ला आत्याचं चित्र होतं, डोक्यावर फुलांचा भलामोठा मुकुट. मुलगी एकदा मठात गेली की तिचं तोंड घरच्यांना पुन्हा दिसायचं नाही, म्हणून आधी तिला नटवून चित्र काढून घ्यायची तिथली रीत. आत्या मठातच वारली. आणि आता, वीस वर्षांनी, ते चित्र रडत होतं!

"मेणबत्त्या जवळ आणा! अजून जवळ!" बंधू मेल्चोर गरजला. हा कुठल्याच मठाचा नव्हता, पण झग्याला ठिगळं होती. भक्तांना तेवढं पुरतं. रोज सकाळी तो दार लावून चित्रापुढे एकटाच 'प्रार्थना' करायचा. "बघा, ओघळला! तेक्ला माता भाचीला बोलावतेय. ब्रिहिदाला मठात धाडा. मठाला द्यायचा हुंडा मी पोचवतो."

लोक थेंब बोटावर घेऊन भक्तीने चाटत होते. कोपऱ्यात चित्रकार नव्या चित्रासाठी रंग घोटत होता. सेलेदोनिओच्या लेकीच्या, ब्रिहिदाच्या डोक्यावर मुकुट चढला होता, आणि तिचे पाय एका जागी ठरत नव्हते.

"बाबा, मला नाही जायचं."

"गप गं! आत्या रडतेय, दिसत नाही?"

"आणि मी रडतेय ते?"

तिचा ओघळ ओठांत आला. खारट. ती तडक उठली आणि चित्रावरचा थेंब तिने जिभेला लावला. हा खारट नव्हता. बोटावर उरलेला पांढरा थिजला.

"बाबा, ही डुकराची चरबी आहे!"

"पाखंड!" मेल्चोर किंचाळला. तोवर पोरीने चित्र उतरवून उलटं केलं होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुईची भोकं, मागे चरबीचे गोळे. मेणबत्त्यांची धग लागली की वितळून पाझरायचे.

"अगं बाई!" एक म्हातारी कळवळली. "ईस्टरआधीच्या उपासात चरबी चाटली की मी!"

झालं! लोक मेल्चोरवर तुटून पडले. डोळ्यांत धूळ फेकली म्हणून नव्हे, उपास मोडला म्हणून. त्याने झगा सोडून पळ काढला.

चित्रकाराने विचारलं, "मालक, कापड ताणून ठेवलंय. त्याचं काय?"

सेलेदोनिओने लेकीच्या डोक्यावरचा मुकुट काढला. "तेक्लाही त्या दिवशी नाही म्हणाली होती," तो पुटपुटला. "खूप रडली. आम्ही कुणी बघितलंच नाही."

लोकहो, चित्र रडलं तर आधी मागची बाजू बघा. आणि शेजारचं माणूस रडत असेल, तर त्याला निदान विचारा.