उलटे तळहात

म्हाताऱ्या ओरोझबायने मानेतली नळी दुसऱ्यांदा उपटली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याच्या लेकीपुढे, कालिपापुढे कागद धरला. हात खाटेला बांधायचे, घरच्यांची सही हवी. तिचा धाकटा भाऊ मेदेर खिडकीतून डोंगर बघत राहिला. सही करायची वेळ आली की पुरुषांना डोंगर फार आवडू लागतात. कालिपाने सही केली.

म्हातारा अठ्ठ्याहत्तरचा, जन्मभर घोडे राखलेला. न्यूमोनियाने आडवा झाला आणि चौथ्या दिवशी भिंतीत लांडगे दिसू लागले. "याला भ्रम म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अतिदक्षता विभागात म्हाताऱ्या माणसांना हटकून होतो. ते काय बोलतील ते मनावर घेऊ नका."

घेऊ नका म्हणे. सांगायला काय जातं.

भेट दुपारी बाराला, दहाच मिनिटं, आणि आत एकालाच सोडत. दुसऱ्या दिवशी कालिपा गाऊन चढवून गेली. म्हाताऱ्याची मनगटं पट्टीने दांड्यांना बांधलेली होती.

"कुणी बांधलं मला?"

"नळी निघू नये म्हणून, बाबा. मीच सही दिली."

अशा वेळी खरं बोलू नये, पण ती बोलून गेली.

"लांडगे आत येतायत आणि बापाला बांधतेस?" तो म्हणाला. मग त्याने बांधलेले हात पालथे केले आणि हातांची पाठ तिच्या दिशेने सरकवली. "तुझ्या लेकीची कूस रिकामी राहो. आमीन."

त्या डोंगरांत आशीर्वाद उघड्या तळहातांनी देतात. तळहात उलटे केले की तो शाप, आणि बापाचा शाप नातवंडांपर्यंत पोचतो असं मानतात. कालिपाच्या लेकीला, बेगिमायला, आठवा महिना होता. आधीची दोन पोटातच गेली होती.

दार उघडंच होतं, मेदेरने ऐकलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

"भ्रम असो नाहीतर काही असो, बापाचा शब्द आहे, ताई," तो म्हणाला. "पाय धर, पण परत घ्यायला लाव."

"कुणाचे पाय धरू? तिथं बाबा आहेत कुठं?"

मग बेगिमायचा फोन आला. "आई, आजोबा खरंच तसं बोलले?"

"तापात बोलले गं."

"हात उलटे केले होते?"

"हो."

बेगिमायने फोन ठेवून दिला.

तीन दिवस कालिपा त्या दहा मिनिटांत विनवण्या करत होती आणि म्हातारा भिंतीवरचे घोडे मोजत होता. बापावर तिचा राग होता आणि त्या रागाची तिला लाजही वाटत होती.

चौथ्या दिवशी त्याचे डोळे निवळलेले दिसले. तिने चमच्याने ओठ ओले केले.

"तुला लेकरंबाळं?" त्याने विचारलं.

आठवण हळूहळू येतेय, असं तिला वाटलं. "एक लेक आहे. तिला आठवा लागलाय, बाबा."

"हात सोड माझे. आशीर्वाद देतो."

तिची बोटं गाठीवर गेली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, दारही लोटलेलं होतं. पण नळी पुन्हा निघाली तर रक्त थांबणार नाही, असं बजावलेलं होतं. तिने गाठ सोडली नाही. ती गुडघ्यांवर बसली, त्याचा हात हलक्याने उताणा केला आणि त्यावर आपलं तोंड ठेवलं. म्हाताऱ्याने बांधल्या हातानेच तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत तळहात फिरवला.

"तुझ्या लेकीच्या मांडीवर मूल खेळो. आमीन."

कालिपा ढसाढसा रडली.

"नर्सबाई, तू भली आहेस," तो म्हणाला. "माझी लेक आली तर तिला आत घेऊ नकोस. तिनं बांधलं मला."

बाहेर मेदेर उठून उभा राहिला. "काय झालं?"

"आशीर्वाद दिला."

रडता रडता त्याने बेगिमायला फोन लावला आणि कालिपाच्या कानाला धरला.

"आई, सरळ हातांनी?"

"सरळ हातांनी."

"काय म्हणाले?"

"'तुझ्या लेकीच्या मांडीवर मूल खेळो,' असं म्हणाले."

पलीकडे बेगिमाय हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाराला कालिपाने गाऊन मेदेरच्या अंगावर चढवला.

"तू नाही येत, ताई?"

"एकालाच सोडतात," ती म्हणाली आणि खिडकीशी जाऊन डोंगर बघत बसली.