एक ते तीनमधली पावलं

आजारपणाच्या तिसऱ्या महिन्यात मी थकवा मोजायला एक एकक ठरवलं: आंघोळ. बसून, कोमट पाण्याने, केस न धुता केलेली, म्हणजे एक. केस धुतले तर दीड. जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येणं अडीच. आत्याचा फोन दोन, आणि तिने त्यात नवा उपाय सुचवला तर सव्वादोन.

झालं होतं एवढंच की मला ताप आला, आठ दिवसांनी गेला, आणि जाताना घरातलं सगळं सामान बांधून नेल्यासारखा माझ्यातला जोर घेऊन गेला. रक्ताचे अहवाल सगळे नॉर्मल. एका डॉक्टरांनी जीवनसत्त्वं दिली, दुसऱ्यांनी मोकळ्या हवेत पळायला सांगितलं, तिसऱ्यांनी लग्नाबद्दल विचारलं. पळण्याचा सल्ला मी मानला आणि नंतर नऊ दिवस पडून काढले. या आजाराची गंमत हीच, की तो जागच्या जागी शिक्षा देत नाही. सोमवारी केलेल्या कामाने बुधवारी माणूस आडवा होतो, आणि मधल्या मंगळवारी त्याला वाटतं, आपण बरे झालो. चौथ्या डॉक्टर, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, त्यांनी आजाराला नाव दिलं आणि उपाय सांगितला: जेवढी शक्ती आहे त्यापेक्षा कमी वापरायची, रोज, कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यावरही.

"दमायचं काय, आम्हीही दमतो," आत्या फोनवर म्हणायची. "आम्ही सांगत नाही, एवढंच."

आईने मात्र एकक लगेच उचललं. फोन ती घेऊ लागली. "आज तिच्याकडे पाऊणच आंघोळ उरलीय, वन्सं, आणि ती तिला जेवायला लागणार," असं ती शांतपणे सांगायची. आत्याने आठवड्याभरात सगळ्या नातेवाइकांना कळवलं की आमच्याकडे पाणी येत नाही.

चौदा महिन्यांनी माझ्याकडे दिवसाला साडेपाच आंघोळी जमू लागल्या. नेमका तेव्हाच प्रयोगशाळेतून प्रमुखांचा फोन आला. मी शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करायचे. उत्तर विचारलं की दोन दशांश स्थळांपर्यंत देते म्हणून तिथे मला सगळे दशांश म्हणत.

"दशांश, तुझी खुर्ची मी पुढच्या शुक्रवारपर्यंत धरून ठेवू शकतो," प्रमुख म्हणाले. "अर्धा दिवस आलीस तरी चालेल. पण डॉक्टरांचं पत्र लागेल. पत्र नाही आलं तर तिथे दुसरं कुणीतरी बसेल, आणि मग मला तुला काही सांगता येणार नाही."

डॉक्टर पत्राला नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मनगटावर बांधायचा एक पट्टा दिला. तो पावलं मोजतो, नाडी मोजतो. "दहा दिवस घाला. घरात जे करता तेच करा. नाडी एकशे दहाच्या आत राहिली आणि मध्ये कुठे कोसळला नाहीत, तर पत्र देते. रोज थोडा वेळ चार्जिंगला काढलात तरी चालेल."

मी दुपारी एक ते तीन खोलीत अंधार करून पडते. त्या वेळात पट्टा बाहेर जेवणाच्या टेबलावर चार्जिंगला लावायचा, असं ठरलं.

सातव्या दिवशी मी फोनवर पट्ट्याचा आलेख उघडला आणि उठून बसले. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माझी नाडी एकशे चोवीस होती. एक ते तीनमध्ये मी तीन हजार एकशे पावलं चालले होते. बाकी अख्ख्या दिवसात बाराशे. मागचे दिवस पाहिले. तिसऱ्या दिवसापासून रोज हेच.

तीन शक्यता होत्या. पहिली, यंत्र बिघडलंय. मी ते माझ्या उशीशेजारी दोन तास ठेवून पाहिलं: पावलं शून्य. दुसरी, मी झोपेत चालते. चालत असते तर आजवर दारावर आपटले असते. तिसरी शक्यता बॅटरीकडे पाहून सुचली. दोन तास चार्जिंगला असूनही ती फक्त सहा टक्क्यांनी वाढत होती. शिवाय पट्ट्याला भांड्यांच्या साबणाचा वास येत होता, आणि चौदा महिन्यांत मी एकही बशी धुतलेली नव्हती.

आठव्या दिवशी मी पडले, पण झोपले नाही. सव्वाला दार बोटभर उघडलं. आई जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत होती. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात बाबांचे बूट. उजवा हात अंगाशी, आणि पट्ट्याचा डावा हात शिपायासारखा मागे-पुढे. दर दहा फेऱ्यांनी ती थांबून आकडा बघत होती आणि समाधानाने मान हलवत होती.

"आई."

ती थांबली. हात मात्र आणखी दोनदा हलला.

"तू झोपलेली असतेस," ती म्हणाली. "पट्टा नुसता पडून असतो. म्हटलं तेवढेच तुझे आकडे वाढतील."

"आकडे वाढायला नको होते."

"आकडे वाढले की माणूस नापास होतो, अशी एक तरी परीक्षा सांग मला."

"रक्तातली साखर."

"ती वेगळी," आई म्हणाली आणि खुर्चीत बसली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे पत्र नाही देणार त्या?"

"त्यांना वाटणार, मी दुपारी चोरून व्यायाम करते. आणि मी सांगितलं की ते माझी आई करते, तर त्यांना वाटणार, मी खोटंही बोलते."

आईने पट्टा काढला, पदराने पुसला आणि चार्जिंगला लावला, जणू आता लावल्याने मागचं भरून निघेल. "मी येते," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना."

दवाखान्यात आई काहीच सांगेना. इतर वेळी बसमधल्या अनोळखी बायकांना माझ्या पोटाच्या तक्रारी सांगणारी बाई, ती टेबलावरच्या हाडांच्या सांगाड्याकडे बघत राहिली. मीच सांगितलं. बोलायला दीड आंघोळ गेली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कामावर जायची घाई असलेले लोक मला बरंच काही सांगतात. एकाने पट्टा मांजराच्या गळ्यात होता म्हणून सांगितलं होतं."

"मांजर नाही," आई एकदम म्हणाली. "मीच होते."

"मग आकड्यांनाच विचारा," मी म्हणाले आणि फोन त्यांच्यापुढे सरकवला. "माझी नाडी एकदा वर गेली की खाली यायला वीस मिनिटं घेते. आंघोळीनंतरचा हा भाग बघा. उतरण लांबलचक. आणि हे दुपारचं बघा. एकशे चोवीस, आणि दोन मिनिटांत ब्याऐंशी. हे माझं हृदय नाही. माझ्याकडे असं हृदय असतं तर मी इथे आलेच नसते."

डॉक्टरांनी आलेख बोटांनी मोठा केला. मग पट्टा आईच्या मनगटावर बांधला आणि तिला जिना दोनदा चढून-उतरून यायला सांगितलं. आई बाबांच्या बुटांत धडधडत गेली आणि तशीच परत आली. एकशे सव्वीस. आम्ही तिघी आकड्याकडे बघत राहिलो. दोन मिनिटांनी त्र्याऐंशी.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दोन बायका आहेत." त्यांनी एक ते तीनवर पेनाने काट मारली, उरलेले आकडे पुन्हा पाहिले, सगळ्यात मोठा एकशे चार निघाला, आणि पत्र लिहायला घेतलं. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा वेळ, बसायचं काम.

"अर्धाच?" आईने विचारलं. तिला पन्नास टक्केच मिळाल्यासारखं वाटलं असावं.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "ताई, ही टेबलाभोवतीची चाल घरचं सगळं आवरल्यावर होती?"

"मग. आधी कशी जमणार?"

"आणि बसता कधी?"

आईने माझ्याकडे पाहिलं, प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारलाय का म्हणून. "बसते की," ती म्हणाली. "बसमध्ये. जागा मिळाली तर."

डॉक्टरांनी आणखी एक चिठ्ठी फाडली, त्यावर आईचं नाव घातलं आणि खाली लिहिलं: रोज दुपारी एक ते तीन. पट्टा घालणे. आडवे पडून.

सोमवारी मी कामावर गेले. प्रमुखांनी खुर्चीची उंची माझ्यासाठी आधीच लावून ठेवली होती. ती तीन सेंटिमीटर जास्त होती, पण मी काही बोलले नाही. चार नमुने तपासले. चौथ्याचं उत्तर लिहिताना हात जड झाला, तेव्हा पाचवी बाटली उघडायची तीव्र इच्छा झाली, कारण आपण बरे आहोत असं वाटणारा तोच तो मंगळवार होता, फक्त सोमवारी आलेला. मी बाटली परत रॅकवर ठेवली आणि घरी आले. दीड आंघोळ शिल्लक होती. एवढं शिल्लक ठेवून मी चौदा महिन्यांत कुठूनही परतले नव्हते.

दार बाबांनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. खोलीत अंधार होता. माझ्या पलंगावर आई हातपाय ताठ ठेवून उताणी पडली होती, पट्ट्याचा हात पोटावर, आणि डोळा त्याच्यावर.

"एक वाजल्यापासून अकरा पावलं," ती कुजबुजली. "तीही दाराची बेल वाजली म्हणून. तुझी किती?"

"फोन म्हणतो, सकाळपासून चौदाशे."

"नापास," आई म्हणाली.

"सरक थोडी," मी म्हणाले.