फक्त उजव्या वळणावर

ताईच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. गॅरेजात समोर एका टेम्पोचं इंजिन उघडं पडलं होतं. त्यात हात घालावा, तर ती पाना घेऊन उगाच दारापर्यंत जाऊन येई. चहा ओतून घेतला तो बॉनेटवर तसाच गार झाला. फोन वाजला की कुणाचा आहे हे न बघताच ती तो कानाला लावी.

कारण घरचंच होतं. तिचा धाकटा भाऊ अँब्युलन्स चालवायचा. लहानपणच्या गुटगुटीत अंगामुळे सगळं जग त्याला अजून गट्टू म्हणायचं. गाडी मात्र अशी चालवायचा की मागच्या पेशंटच्या सलाइनची बाटलीसुद्धा हलू नये. आणि आज दुपारी ड्यूटी संपली की तो साहेबांना सांगणार होता, मला गाडी नको, फोन उचलायच्या टेबलावर बसवा. हे त्यानं ताईला सांगितलं नव्हतं. त्याच्या बायकोनं सकाळी फोन करून सांगितलं आणि वर म्हणाली, "तुमचंच ऐकतो तो, ताई. तुम्हीच काहीतरी बोला."

ताई काय बोलणार, कपाळ? जे बोलायचं ते ती आधीच बोलून बसली होती, आणि तिथंच सगळं बिघडलं होतं.

झालं होतं असं. गट्टूची एक जुनी गाडी होती. दोन दारांची, लांब नाकाची, मागच्या चाकांवर जोर असलेली. तिच्या उमेदीच्या काळात तिनं भल्याभल्यांना धूळ चारली होती. गट्टूनं ती भंगारातून उचलून आणली, बायकोची बोलणी खात खात पुन्हा उभी केली, आणि मग हौसेला मोल नाही म्हणतात तसं आखूड स्प्रिंगा घालून तिला पार जमिनीलगत आणून बसवली. गाडी अशी खाली बसली की मागची चाकं सरळ उभी राहत नाहीत. त्यांचे माथे आत झुकतात, तळ बाहेर पसरतात आणि गाडी नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखी पाय फाकून उभी राहते. चाकाच्या या कलाला कॅम्बर म्हणतात. थोडा असला तर वळणावर चाक रस्ता धरून ठेवतं. फार झाला तर टायर आतल्या कडेनं खाऊन टाकतो. गट्टूच्या गाडीचा फारच झाला होता.

कॉम्प्युटरवर चाकं बघणाऱ्या दुकानात न्यावी, तर गाडी इतकी बुटकी की तिचं नाक त्यांच्या रॅम्पलाच अडायचं. शेवटी ताईनं हात घातला. मागच्या चाकांना वरून धरून ठेवणारे कारखान्याचे दांडे काढले, त्याजागी लांबी कमीजास्त करता येईल असे दांडे बसवले, नवे टायर चढवले. मग सवयीप्रमाणे डाव्या चाकांखाली फळ्या सरकवल्या, कल मोजायचं बाबांच्या वेळचं बुडबुड्याचं गेज लावलं आणि दोन्हीकडचा कल अगदी बरोबरीला आणून ठेवला. नव्या जागेत आल्यापासून असलं काम हे पहिलंच. बाकी सगळी इंजिनं आणि ब्रेक.

या नव्या जागेचा तिला भारी अभिमान होता. बाबांची जुनी शेड रस्तारुंदीत गेली. त्या शेडची जमीन अशी की पडलेला नट घरंगळत थेट डाव्या भिंतीकडच्या नालीत. बाबांची अर्धी कमाई त्या नालीनं गिळली असं आई म्हणायची. म्हणून इथं फरशी घालताना ताईनं गवंड्याचा जीव नकोसा केला. मधोमध पाणी ओतून बघितलं. पाणी जागचं हलेना. "बाई, धुतल्यावर हे पाणी काढणार कसं?" गवंड्यानं विचारलं. "ते माझं मी बघीन," ताई म्हणाली, आणि आजही ती रोज झाडूनं पाणी बाहेर ढकलत असते.

असो. गाडी घेऊन गट्टू खुशीत गेला, आणि काही आठवड्यांतच एका ओल्या रस्त्यावर, उजव्या वळणावर, ती मागून निसटली. गोल गिरकी घेऊन उलट्या तोंडानं उभी राहिली. बायको शेजारीच बसलेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण ती बिचारी घरी जाईपर्यंत सीटचा पट्टा मुठीत घट्ट धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी गट्टू गाडी घेऊन ताईकडे आला. "मागून काहीतरी चुकतंय, ताई. डावीकडे वळताना शहाण्यासारखी वागते. फक्त उजव्या वळणावर सुटते."

ताईनं फळ्या सरकवल्या, गेज लावलं. दोन्हीकडे कल सारखा. पुन्हा लावलं, पुन्हा सारखा. आणि मग सुट्टीच्या दिवशी घरातली सगळी जेवायला बसलेली असताना तिनं वाढता वाढता सुनावलं, "नाचता येईना, अंगण वाकडं! गाडीत काही खोट नाही. खोट असेल तर तुझ्या हातात." सगळे हसले. गट्टूही हसला. त्याच्या डाव्या-उजव्यावरून पुढं घरात आणि त्याच्या ड्यूटीवरही बरेच विनोद झाले आणि त्यातले दोनतीन ताईचेच होते.

त्या दिवसानंतर त्यानं ती गाडी ताईकडेच ठेवली. कुणी घेत असेल तर देऊन टाक म्हणाला. अँब्युलन्सवरही तो उजव्या वळणाला नवशिक्यासारखा ब्रेक दाबायला लागला. घरी बसला की हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहायचा, असं त्याची बायको सांगायची.

आता टेम्पो तसाच टाकून ताई त्या गाडीपाशी गेली. म्हटलं, एकदा शेवटचं बघू. फळ्या घालून गेज लावलं, तर पुन्हा तेच, दोन्हीकडे सारखा कल. तिनं वैतागून गाडी जॅकवर उचलली आणि मागची दोन्ही चाकं काढून शेजारी शेजारी भिंतीला लावली. आजवर हे तिनं केलं नव्हतं. गाडी बुटकी, त्यामुळे टायरची आतली कड कुणाच्या नजरेस पडत नाही.

डावा टायर नवाकोरा होता. उजव्याची आतली कड पार गुळगुळीत झाली होती.

ताई मटकन स्टुलावर बसली आणि लगेच उठली. एकाच दिवशी चढवलेले दोन टायर. गेज म्हणतं, कल सारखा. टायर म्हणतो, मुळीच नाही. गेजला काही रस्त्यावर धावायचं नसतं, टायरला असतं. तिनं घाईघाईनं चाकं परत चढवायला घेतली. डाव्या बाजूच्या फळ्या सारख्या केल्या, गाडी त्यांच्यावर उतरवली आणि उजव्या चाकाचे नट आवळायला बसली. शेवटचा नट बोटांतून सुटला.

ती तशीच पालथी पडली आणि गाडीखालून डाव्या भिंतीकडे बघायला लागली. नट तिकडंच जाणार. कायम तिकडंच जातो. पण गाडीखाली दोन फळ्यांशिवाय काहीच दिसेना. भिंतीपर्यंत नजर फिरवली, तरी नट नाही. उठून बसली तर तो तिच्या बुटाला चिकटून पडलेला. जिथं पडला तिथंच राहिला होता.

ताई त्या नटाकडे बघत राहिली. मग फळ्यांकडे बघितलं. मग तिच्या तोंडून एक शिवी गेली, आणि ती स्वतःलाच होती.

बाबांच्या शेडमध्ये जमीन डावीकडे उतरती, म्हणून डाव्या चाकांखाली फळ्या. गाडी समपातळीत यावी म्हणून. आधी फळ्या, मग गेज, असं बाबांनी शिकवलं होतं आणि जेवायच्या आधी हात धुवावेत तितक्या बिनविचारानं ती ते करत आली होती. इथं जमीन तिनंच हट्टानं सपाट करून घेतली आणि वर फळ्या घालून गाडी वाकडी केली. त्या वाकड्या गाडीवर कल बरोबरीला आणला. फळ्यांवरून उतरली की डावं चाक हवं त्यापेक्षा ताठ आणि उजवं हवं त्यापेक्षा झुकलेलं. उजवीकडे वळताना सगळा भार पडतो डाव्या चाकावर, आणि तेच नेमकं रस्ता सोडत होतं. अंगण सरळ होतं. नाच गट्टूचा चुकला नव्हता.

तिनं फोन लावला. ड्यूटीवर तो उचलत नाही, आताही उचलला नाही. मग हातही न धुता ती स्कूटरवर बसली. वाटेतला प्रत्येक सिग्नल तिला लाल मिळाला आणि प्रत्येकाला तिनं मोठ्यानं नावं ठेवली. शेजारचा रिक्षावाला दचकून बघायला लागला.

अँब्युलन्सच्या आवारात ड्रायव्हर बाकावर बसले होते. गट्टू गाडी पुसत होता. अजून साहेबांकडे गेला नव्हता. ताईला बघून एक मिशीवाला म्हणाला, "या ताई! डावीकडून आलात की उजवीकडून?" बाकीचे खिदळले.

"हसू नका," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की ऑफिसातला कारकूनही खिडकीत आला. "गट्टू, चौघांत तुला बोलले होते, चौघांतच सांगते. गाडी वाकडी होती. मी वाकडी करून दिली होती. तुझ्या हातात काही खोट नव्हती." आणि फळ्यांचं सगळं तिनं धापा टाकत सांगून टाकलं. सांगताना ती एका जागी उभी नव्हती. दोन पावलं पुढं, दोन मागं.

गट्टूनं फडकं पिळलं, झटकलं आणि दारावर टाकलं. ताईला वाटलं, आता हा हसेल. निदान चिडेल तरी.

"मागे पेशंट असताना," तो हळूच म्हणाला, "उजवं वळण नको म्हणून मी लांबचा रस्ता धरलाय, ताई. वाचली माणसं. पण धरलाय."

ताईच्या येरझाऱ्या थांबल्या.

"माझ्या हातांना त्याच क्षणी कळलं होतं. तू नाही म्हणालीस, म्हणून मी हातांनाच खोटं पाडलं. आता तू म्हणतेस हात खरे होते. म्हणजे माझ्या हातांवर भरवसा ठेवायचा का, हेसुद्धा तूच सांगणार?"

ताईला शरमेनं मान वर करवेना. तोंडाळ म्हणून ती खानदानात प्रसिद्ध, आणि आज नखांतलं ऑइल खरवडत उभी राहिली.

"साहेब संध्याकाळपर्यंत आहेत," गट्टू म्हणाला. "चल. गाडी बघू."

गॅरेजात आल्याबरोबर फळ्या तिनं दाराबाहेर फेकल्या. गट्टू ड्रायव्हरच्या सीटवर बसला, कारण चालवणाऱ्याचं वजन आत असल्याशिवाय या कलाला अर्थ नसतो. ताई खाली शिरली. डावा दांडा आखडला, चाकाचा माथा आत घेतला. उजवा दांडा लांबवला, माथा बाहेर ढकलला. मग गाडी मागंपुढं ढकलायची, स्प्रिंगा बसू द्यायच्या, गेज लावायचं, पुन्हा खाली शिरायचं. एरवी असल्या कामात दोघांची चिडवाचिडवी चालायची. आज पान्याच्या खडखडाटाशिवाय आवाज नव्हता. अखेर बुडबुडा दोन्हीकडे एकाच रेघेवर येऊन थांबला.

गट्टूनं इंजिन चालू केलं. ताई दुसऱ्या बाजूनं चढायला गेली.

"तू नको," तो म्हणाला, आणि गेला.

ती फाटकात उभी राहिली. गल्लीला वळसा घालणारा रस्ता उजव्या वळणांचाच. गाडी दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. पहिल्या वळणाला इंजिनाचा आवाज एकदम पडला. ब्रेक. पुढच्या वळणालाही पडला. ताईनं नखं खाल्ली, नखांतलं ऑइल तोंडात गेलं, ती थुंकली. दुसऱ्या फेरीत आवाज जरा कमी पडला. मग तो इतका लांब गेला की ऐकूच येईना, आणि तिच्या मनात नको नको ते येऊन गेलं. गट्टूच्या बायकोचा फोन आला. "येईल," एवढंच म्हणून तिनं ठेवला.

गाडी परत आली, आत शिरली, थांबली. गट्टू उतरला नाही.

"सुटत नाही आता," तो म्हणाला. "पण मागचं डावं अजून पुरतं ऐकत नाहीये. वळायच्या आधी क्षणभर विचार करतं."

ताईनं गेज लावलं. बुडबुडा रेघेवर. उजवीकडे लावलं. रेघेवर. फरशी सपाट, फळ्या बाहेर, चुकायला आता काही उरलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं. गट्टू तिच्याकडे बघत होता.

तिनं गेज टेबलावर ठेवलं, पाना उचलला आणि डाव्या चाकामागे आडवी झाली.

"कुठं घेऊ?" तिनं खालून विचारलं.

वर स्टिअरिंग जरासं करकरलं. "माथा आत," तो म्हणाला. "थोडासाच."

तिनं दांडा फिरवला. "साहेब निघाले असतील आता."

"निघू देत. अजून थोडा."

ती फिरवत राहिली, अगदी सावकाश, कान वर लावून.

"बस," गट्टू म्हणाला, आणि ताईनं हात थांबवला.