मोज्याची शेवटची गाठ

माझ्या नवऱ्याचा डावा पाय सध्या आमच्या घरातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस आहे. चेहरा बरा असूनही नवऱ्याला आजवर कुणी विचारलं नाही, पण त्याच्या डाव्या पायाच्या फोटोखाली शेकडो लोकांनी बदाम टाकलेत. तेव्हापासून तो अंघोळीला जरा जास्तच वेळ लावतो.

हे सगळं सुरू झालं सासूबाईंमुळे. त्या लोकरीचे मोजे विणतात. एकतीस वर्षं त्यांनी चौकातल्या टेलरकाकांच्या दुकानात, दाराजवळच्या कोपऱ्यात, समोर एक बुटकं स्टूल ठेवून मोजे विणले. गिऱ्हाइकानं वर काकांना शर्टाचं माप द्यायचं आणि खाली सासूबाईंना पायाचं, अशी त्या दुकानाची रीत. मग काकांची नजर अधू झाली, त्यांनी मशीन विकलं आणि दुकानात मोबाइलची कव्हरं विकणारा आला. त्याला तो कोपरा हवा होता. सासूबाई सुया, लोकर आणि स्टूल घेऊन घरी आल्या.

पहिले आठ दिवस विश्रांतीत गेले. नंतर माझ्या लक्षात आलं, की त्या रोज निळ्या लोकरीच्या त्याच एका गुंड्याचा मोजा विणतात आणि संध्याकाळी उसवून टाकतात. लोकर पार पिंजून निघाली होती. जेवताना त्या नुसत्या ताटाकडे बघत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "कुणासाठी विणू?" तेही माझ्याशी नाही, लोकरीशी. मला भरून आलं, आणि मला भरून आलं की मी चिडते.

"ऑनलाइन विकू," मी डाफरले.

"म्हणजे काय करायचं?"

"फोटो टाकायचा. लोक बघून ऑर्डर देतात. आपण पार्सल पाठवायचं."

"आणि पाय?"

"पायाचं काय?"

"पाय कधी दाखवतात ते?"

"अहो आई, पाय नाही दाखवत. बुटाचा नंबर लिहून पाठवतात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नुसता नंबर बघून कुणाचं लग्न ठरवायला निघाले होते. पण हात शिवशिवत होते बिचारीचे. त्यांनी लोकरीचे गुंडे बाहेर काढले.

त्याच रविवारी नवऱ्याला सोफ्यावर बसवलं. सासूबाईंनी त्याच्या पायात नवे राखाडी मोजे चढवले आणि मी चौदा फोटो काढले. हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या एका साइटवर दुकान उघडलं. नव्या दुकानाला एकच जाचक अट होती. पहिल्या बारा गिऱ्हाइकांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी साडेतीनच्या खाली गेली, की दुकान बंद. पुन्हा उघडता येणार नाही. मी अट मोठ्यानं वाचून दाखवली.

"एकतीस वर्षांत माझा एक मोजा परत आलेला नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यात फुशारकी नव्हती. ते खरंच होतं.

तीन आठवड्यांत बारा जोडांच्या ऑर्डरी आल्या आणि घराचा नूरच पालटला. सासूबाई दोन घास जास्त जेवायला लागल्या. नवऱ्याला टीव्हीचा आवाज कमी कर म्हणून पूर्वीसारख्या दटावायला लागल्या. मोज्यांची घडी मात्र त्या मला घालू देईनात. मोजा आतल्या बाजूला दुमडायचा, पातळ कागदात गुंडाळायचा आणि कागदाला लोकरीचाच दोरा बांधायचा, हे सगळं त्यांच्या हातचं. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, सकाळी मला श्वास घ्यायला फुरसत नसते. मी फक्त पत्ते चिकटवायचे.

आणखी एक झालं. पहिलं पार्सल गेल्यापासून सासूबाई रोज चारच्या सुमाराला केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून दाराजवळच्या खुर्चीत बसायला लागल्या. समोर स्टूल, मांडीवर जाड सुई आणि कात्री. मला वाटलं, तिथे उजेड चांगला येतो.

मग पहिला शेरा आला. एक तारा. "मोज्याला पुढे भोक आहे." सोबत फोटो, त्यात अख्खा अंगठा बाहेर येऊन आमच्याकडे बघत होता. अर्ध्या तासात दुसरा. तोही एक तारा. "अर्धवट माल. दोरा लोंबतोय."

माझं डोकंच फिरलं. काय पण लोक असतात! भोक पाडायचं स्वतः आणि नाव आमचं. मी त्या अंगठ्याच्या मालकाला चांगलं झणझणीत उत्तर लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता पुरावा म्हणून फोटो सासूबाईंसमोर धरला.

"बघा, बघा काय करून ठेवलंय त्यानं!"

त्यांनी फोटो निरखून बघितला. "त्यानं कुठे काय केलंय? तो मोजा असाच आहे. गाठ मारायची राहिलीय."

"राहिलीय?"

"टाके सगळे दोऱ्यात ओवून ठेवलेत. दोरा ओढला की तोंड बंद होतं. कुणाला बोटांवर घट्ट लागतं, कुणाला सैल. पाय समोर असल्याशिवाय कशी मारू गाठ? ते आले की मारीन."

"कोण आले की?"

"गिऱ्हाईक. घालून बघायलाच पाठवलेत ना मोजे? घालून बघतील आणि येतील."

मी दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलं. स्टुलाकडे बघितलं. त्यांच्या विंचरलेल्या केसांकडे बघितलं. 

"आई, बारा जणांना असेच पाठवलेत?"

"बाराही जणांना."

"अहो, त्यातली एक बाई बाराशे किलोमीटरवर राहते!"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "मग तिला जरा उशीर होईल," त्या म्हणाल्या.

मला हसू आवरेना आणि रडूही. खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा पाय त्या स्टुलावर घेतला होता, दोरा ओढत "टोचतं का गं?" असं तीनदा विचारलं होतं आणि मग गाठ मारली होती. मला वाटलं होतं, नव्या सुनेचे लाड चाललेत. फोटोतल्या मोज्यांची गाठही त्यांनी नवऱ्याच्या पायावरच मारली होती, मी कॅमेरा पुसत असताना. दहा वर्षं हे मोजे पायात घालून मी हिंडतेय आणि मला पत्ता नाही!

कुणी येणार नाही, पार्सल म्हणजे कायमचंच पाठवणं, हे मी त्यांना हळूहळू समजावलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी सुई डबीत ठेवली, स्टूल उचलून पलंगाखाली सरकवलं आणि म्हणाल्या, "बंद कर ते दुकान. मला न बघता नाही जमायचं." संध्याकाळी तो निळा गुंडा पुन्हा मांडीवर आला.

ते बघून मी अशी काही संतापले, की नवरा कामावरून आल्या आल्या त्याला बूट काढायला लावले, स्टूल बाहेर ओढलं आणि मोबाइल हातात घेतला.

"आई, याच्या नव्या मोज्याला गाठ मारा. मी व्हिडिओ काढतेय."

"कशाला?"

"ते लोक येत नाहीत, तर तुम्ही त्यांच्याकडे जा."

त्या कुरकुरल्या, पण समोर पाय आला म्हटल्यावर हात थांबेनात. दोरा ओढला. "टोचतं का?" नवरा म्हणाला, "नाही." अजून जरा ओढला. "आता?" "थोडं." दोरा सैल केला, दोनदा गाठ मारली, उरलेलं टोक सुईनं आत लपवलं आणि पायाला एक हलकी चापट मारली. मग कॅमेऱ्यात बघून विचारलं, "कळलं का सगळ्यांना? हे बोलत का नाहीत गं?"

मी ते शेवटचंही कापलं नाही. बारा जणांना व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं: "या मोज्यांची गाठ माझ्या सासूबाई पाय समोर असल्याशिवाय मारत नाहीत. हे तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहिलं. गाठ तुम्ही मारा, किंवा मोजे परत पाठवा, आम्ही मारून देऊ. आणि जमलं तर त्यांना सांगा, टोचतंय का ते."

अंगठेवाला ढिम्म हलला नाही, त्याचा एक तारा तसाच राहिला. काहींनी दोन-तीन तारे देऊन बोळवण केली. पण दोरा लोंबतोय म्हणणाऱ्या मुलीनं आपला शेरा खोडून नवा लिहिला: "मोजे बाबांसाठी घेतले होते. महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. गाठ मारायला त्यांचा पाय मांडीवर घ्यावा लागला. पाय मांडीवर असताना भांडता येत नाही. टोचत नाहीये." पाच तारे. मी ते वाचून दाखवलं, तर सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "दोनदा गाठ मारली का विचार तिला."

अकरा जणांचे मिळून अडतीस तारे झाले. दुकान टिकायला बेचाळीस हवे होते. उरली ती बाराशे किलोमीटरवाली. तिनं ना शेरा दिला, ना व्हिडिओ उघडला. साइटनं शेरा द्यायला दिलेली मुदत आठवड्यावर आली, मग दोन दिवसांवर. मी दिवसातून वीसदा फोन बघायचे आणि गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर भलतेच चष्मे चढवायचे. सासूबाईंनी स्टूल मात्र पलंगाखाली परत सरकवलं नव्हतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी रजा टाकली. चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात एक धिप्पाड बाई उभी. खांद्यावर चामड्याची भली मोठी गुंडाळी, हातात आमचा पातळ कागद, त्यावर आमचा लोकरीचा दोरा.

"मोजेवाल्या ताई इथेच राहतात ना? पाकिटावर हाच पत्ता होता."

 मी बाजूला झाले.

"मी बूट शिवते," ती आत येत म्हणाली. "चामडं घ्यायला वर्षातून एकदा तुमच्या शहरात येते. मोजे भाचीनं माझ्या फोनवरून मागवून दिले, मला ते फोनचं काही कळत नाही. पण मोजा उघडला आणि लगेच कळलं, की बाईनं गाठ पायासाठी ठेवलीय. मीसुद्धा वरचा टाका पाय बघितल्याशिवाय घालत नाही. म्हटलं, जाणारच आहोत, तर मारून घेऊ."

सासूबाई खुर्चीतून उठल्या होत्या. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा मी असा उजळलेला पाहिला नव्हता. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मभर विसरणार नाही, आणि त्या मला ती विसरू देणारही नाहीत.

"मी म्हटलं नव्हतं, तिला जरा उशीर होईल?"

मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं, पदर नसतानाही खोचल्यासारखा कमरेला हात लावला आणि डबीतून सुई काढली. बूटवालीनं पाय ठेवला. दोरा ओढला, सैल केला, पुन्हा ओढला. मध्येच दोघी चामड्याच्या दोऱ्याबद्दल आणि लोकरीच्या पिळाबद्दल अशा काही बोलायला लागल्या, की मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि तिथे उभी राहून मनसोक्त रडले. मला इतका आनंद शेवटचा कधी झाला होता, आठवत नाही.

चहा घेऊन आले, तेव्हा दोन्ही गाठी बसल्या होत्या. बूटवालीनं पिशवीतून फोन काढून माझ्या हातात दिला.

"ते तारे का काय द्यायचे असतात म्हणे. भाची रोज मागे लागलीय. पाचच असतात ना? सगळे दे."

मी बोट टेकवणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात धरला.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी तिला चालून बघू दे."