पार्सेसंगीत

माझ्या मुलानं, परेशानं, माझं रडणं मुंबईला नेऊन टीव्हीवाल्यांना दिलं आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. वरून गावी येताना मिक्सर घेऊन आला, तीन भांड्यांचा. मी म्हटलं, पोराला आईच्या हाताची दया आली. दया कसली! दानपेटी फोडणारा देवळाला घंटा वाहतो, तसला प्रकार.

कोणी विचारील, रडणं कसं देता येतं? तेच सांगते. मी दुसरीपर्यंत शिकले, पण घडलं ते ओळीनं सांगायला दुसरी पुरते.

परेशाला जन्मापासून वाजवायची खोड. पाट म्हणू नका, कळशी म्हणू नका. पुढं आमच्या पार्से गावच्या उत्सवातल्या नाटकांना म्युझिक द्यायला लागला. एकदा नाटकात सासू स्टेजवर येते तिथं त्यानं रेड्याच्या गळ्यातलं लोढणं फळ्यांवर आपटलं. सासूचं काम गुरुदास करायचा. तो लुगड्यासकट परत आत गेला तो बाहेर येईना. लोकांना वाटलं, नाटकातच तसं आहे. टाळ्या पडल्या. मग पणजीच्या स्पर्धेत परेशाला कप मिळाला, त्यात मी चमचे ठेवते. मग गेला मुंबईला आणि सिरियलीला लागला.

पहिल्या दिवशी सगळा वाडा आमच्या घरी टीव्हीसमोर. पडद्यावर अक्षरं आली, ‘पार्श्वसंगीत’, आणि खाली परेशाचं नाव. गुरुदास तोवर पंच झाला होता. तो उठून उभाच राहिला.

“पार्सेसंगीत! गावाचं नाव घातलंन रे पोरान! पण स्पेलिंग चुकलां.”

दुसऱ्याच दिवशी त्यानं पंचायतीच्या शिक्क्याचं पत्र टीव्हीवाल्यांना धाडलं, की आमच्या गावाचं नाव पार्से असं लिहितात, कृपया सुधारावे. तिथून उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. ते पत्र पंचायतीत काचेत लावलंय. परेशानं फोनवर समजावलं, “गुरुदासकाका, पार्श्व म्हणजे मागचां. मागसून वाजता तां.”

“मग मागे कोण आसा तुझ्या? पार्सेच मरे!”

परेशानं फोन ठेवला. आणि गुरुदासाचं खरंच निघालं, ते पुढं येईल.

चार वर्षांमागं आमचे हे गेले. कृष्णनाथ त्यांचं नाव, आता घ्यायला हरकत नाही. घरात मढं असताना बाईमाणूस मोठ्यानं रडतं, ही आमच्याकडची रीत. ते रडणं ऐकून शेजारी चूल बंद करतात आणि धावून येतात. न सांगता गावाला कळतं. मी रडले. माझ्या रडण्यात हिशेब असतो, उगाच आऽ ऊऽ नसतं. काजूच्या बागायतीतला पंप हेच चालू करायचे, दुसऱ्या कोणाला त्याचा खटका ओढायला जमत नसे. म्हणून मी म्हटलं, “आता पंपाक कोण बघतलो हो!” परेश कोपऱ्यात मोबाईल हातात धरून बसला होता. मला वाटलं, पाहुण्यांना कळवतोय. बापासाठी त्याच्या डोळ्यातून एक टिपूस आलं नाही. मी म्हटलं, पुरुषमाणूस आहे, आतून रडत असेल.

आठ महिन्यांनी सिरियलीत एक बंगलेवाला म्हातारा मेला. संगमरवरी फरशी, पांढरे पडदे. त्याच्या बायकोनं लिपस्टिक लावलेलं तोंड उघडलं आणि त्यातून मी रडले.

माझंच. खाली व्हायोलिन घातलं होतं आणि शब्द कापले होते, पण एक राहिला होता. “पंपाऽऽऽ” आणि मग माझा हुंदका.

शेजारची विनिता माझ्या दंडाला धरून म्हणाली, “काकी, ह्यां तुम्ही गो!”

तिकडे मुंबईत लोकांना ते इतकं आवडलं, की लेखकानं पुढच्या भागापासून मेलेल्या म्हाताऱ्याचं लाडकं नाव पंपा ठेवलं. पंपादादांचा फोटो, पंपादादांचं मृत्युपत्र, पंपादादांची दुसरी बायको. आणि त्यांची आठवण आली की माझा गळा. आठवण रोज साडेसातला यायची, शनिवार-रविवार सोडून.

आता पार्सेच्या बायकांनी काय करावं? रडणं कानावर आलं की हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो. साडेसातला अर्ध्या गावाच्या भाकऱ्या अर्ध्यात राहायला लागल्या. भटजींना विचारलं तर ते म्हणाले, “टीव्हीचं सुतक नसतं. पण मन खात असेल तर पाय धुवावे.” तेव्हापासून साडेसातला सगळे पाय धुतात आणि आठ वाजता नळाला पाणी नसतं. पंचायतीच्या सभेत त्यावर प्रश्न आला. गुरुदास म्हणाला, गावाच्या कलेसाठी एवढं सोसायला पाहिजे.

मी परेशाला फोन करून काय ते बोलले. तो म्हणाला, “आये, असो सूर भाड्यान मेळना.” आणि मिक्सर तर आधीच घरात आला होता. तेव्हा मी गप्प बसले, ही माझी चूक. विनिताच्या घरी पाहुणे आले की ती त्यांना आणून मला दाखवायची, आणि खोटं का सांगू, मला जरा बरं वाटायचं.

या चैत्रात माझा धाकटा भाऊ अनंत गेला. लाटंबार्सेला, माझ्या माहेरी. मी आईच्या मागं त्याला वाढवलेला, ओढ्यावर, आमच्या व्हाळावर, जातानासुद्धा कडेवर घेऊन. गाडीतून उतरले, अंगणात पाय टाकला आणि तोंड उघडलं.

पहिलाच हुंदका आला आणि अंगणातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, “पंपा.” अनंताची सून शीतल, तिनं पदरात तोंड घातलं. मला वाटलं रडते. खांदे हलत होते, पण हसून.

अनंताची बायको मालती मढ्याच्या उशाशी बसली होती. ती वर बघून म्हणाली, “वन्सं, टीव्हीतलां रडू नका गो. माझ्या घोवाक वेगळां रडा.”

वेगळं कुठून आणू? माणसाला गळा एक. मी बारीक आवाजात करून बघितलं, तर पंपादादा मेल्यावरच्या तिसऱ्या भागात म्हाताऱ्याच्या मुलीला माझंच बारीक करून लावलं होतं तसं झालं. शेवटी तोंड मिटलं. अनंताला उचललं तेव्हाही मिटलेलंच. पाठच्या भावासाठी मला रडता आलं नाही. बारा दिवस मी त्या घरात दगडासारखी बसले, आणि येणारेजाणारे म्हणत राहिले, पद्मावतीला मुलाच्या नावाचा ताठा आलाय, भाऊ गेला तरी डोळ्याला पाणी नाही.

परेश मामाच्या प्रेतालाही आला होता आणि तेराव्यालाही आला. पंक्तीची पानं मांडत होते, तेव्हा माझ्याजवळ येऊन बसला. चेहरा नुसता उजळलेला.

“आये, मोठो सिनेमा मेळलो. आणि मेन सीनाक तुझां गप्प बसणां घातलां.”

“काय घातलंस?”

“मामाक उचललो तेव्हा तू गप्प बसलंय ना, तां रेकॉर्ड केलां. दीड मिनिट. डायरेक्टर म्हणता, असली शांतता खंयच मेळूक नाय.”

म्हणजे रडणं नेलं ते नेलंच, उरलेलं गप्प बसणंही नेलं. मी हात पुढं केला. “मोबाईल दी.” त्यानं दिला. मी तो तांदळाच्या डब्यात घातला आणि डब्यावर बसले.

“आता मामासाठी रड. माझ्या वाटणीचं.”

“हंय? सगळ्यांच्या समोर?”

“मी तर घराघरात रडले. रड.”

पंक्तीतली माणसं हात थांबवून बघायला लागली. परेशानं घसा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणतो, “सूर खंयचो घेऊ?” आणि हळूच ‘साऽ’ लावला. तो चढला म्हणून खालचा घेतला. मग हाताने मांडीवर ताल धरून एक लांब ‘मामाऽऽ’ काढला, शेवटाला मुरकी घेतली आणि आम्हाला आवडली की नाही ते बघायला डोळे उघडले.

मालतीला हसू फुटलं. बारा दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता तिचा श्वास अडकला आणि तिनं माझ्या खांद्यावर कपाळ आपटलं. “वन्सं, ह्यांका फणसाची भाजी आवडायची गो, आणि आज सगळी उरतली.” ती रडायला लागली आणि मग मलाही आलं. जसं येतं तसंच आलं, तेच हुंदके, तोच गळा. “अनंता रे, तुका मी काखेक मारून व्हाळार नेलंय रे!” कोणी पंपा म्हटलं नाही. शीतल हातातली वाढपाची पळी घेऊनच खाली बसली आणि मोठमोठ्यानं रडायला लागली.

थांबलो तेव्हा भात निवला होता. मालतीनं डोळे पुसून सगळ्यांना बसा म्हटलं. परेश माझ्याजवळ सरकला, बिचारा अगदी हळू आवाजात बोलला.

“आये, तां ‘व्हाळार’ परत एकदा म्हणशी? फक्त तेवढांच. डब्यावयली ऊठ मगे.”

मी उठले. मोबाईल काढला, तांदूळ झटकले, त्याच्या हातात ठेवला आणि सगळ्या पंक्तीला ऐकू जाईल असं म्हटलं:

“परेशा, तू बापाक रडलंय नाय, मामाक रडलंय नाय. नुसतो आयकत रवलंय. म्हणून ह्या पंक्तीत तुका पान नाय. भायर पायरीर जाऊन बस, आणि आम्ही जेवतंव तो आवाज आयक.”