बावखळासकट ओर्ता

आमच्या वाडीचा कागद मी माझ्या हाताने फादर निकोलसना दिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणावर कितीही चिडले तरी माझा वाटा तुमच्या लक्षात राहील.

फादर आमच्याच गावचे, रोमला भाषांचा अभ्यास करणारे. ब्याऐंशीच्या ईस्टरला सुट्टीवर आले तेव्हा घरोघर जुनी कागदपत्रं बघत फिरत होते. बाबांनी पेटीतून मोडीतलं खरेदीखत काढलं. त्यात आमच्या केळीच्या वाडीला 'ओर्ता' म्हटलं होतं. फादर खुर्चीतून उठलेच. शब्द पोर्तुगीजांचा, म्हणाले, आणि त्यांना तो लॅटिनकडून आलेला. 'होर्तुस' म्हणजे बाग, त्याही आधी कुंपण घातलेली जागा. स्पेनमध्ये त्याची 'उएर्ता' झाली, इटलीत 'ओर्तो', फ्रेंचांनी तो जवळजवळ टाकूनच दिला. आणि इथे वसईत केळी शिंपणाऱ्यांच्या कागदात तो टिकून राहिला. मी शाळेत मराठी शिकवते. माझ्या अंगावर काटा आला. खतात पुढे 'बावखळासकट' असं होतं, तिकडे आम्ही दोघांनी लक्षच दिलं नाही. बावखळ म्हणजे वाडीलगतचं गोड्या पाण्याचं तळं, ज्याच्यावर आमची विहीर जगायची.

पुढच्या सुट्टीत परत आणतो, असं सांगून फादरांनी कागद मागितला. बाबांनी मला आत बोलावून हळूच विचारलं, आधी नक्कल करून घ्यावी का. मी त्यांच्यावर डाफरले. आमच्याकडे पाद्र्याला दिलेल्या वस्तूची पोच कोणी मागत नाही. मागितली तर रविवारी चर्चमध्ये मिस्साला तोंड दाखवायची सोय राहत नाही. मीच कागद मलमलीच्या फडक्यात गुंडाळून दिला.

दिवाळीच्या सुमारास बाबांच्या चुलतभावाने, फ्रान्सिसकाकाने, ते बावखळ नालासोपाऱ्याच्या एका बिल्डरला विकलं. कधीतरी मोजणीत सातबाऱ्यावर त्याच्या बापाचं नाव लागलं होतं, आणि घरातल्या घरात कोण बघतो म्हणून तसंच राहिलं होतं. वकील म्हणाला, खत दाखवा, मूळ खत, तरच काही होईल. मी रोमला पत्र टाकलं, मग तार केली. फादरांचं उत्तर आलं की कागद फार नाजूक आहे, टपालात गहाळ झाला तर मोठा ठेवा जाईल, ते स्वतः घेऊन येतील. इकडे कोर्टात तारखा पडत गेल्या आणि संपल्या.

फेब्रुवारीत सातिवलीकडून मातीचे ट्रक आले. चार दिवसांत बावखळ सपाट झालं. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं आणि केळीची पानं कडेकडेने करपली. बाबा तरी रोज सकाळी तेच पाणी शिंपायचे. मला फादरांचा राग यायचा, फ्रान्सिसकाकाचा यायचा, पण खरं सांगू, सगळ्यात जास्त बाबांचा यायचा, कारण ते मला एका शब्दाने बोलले नाहीत.

ऑगस्टमध्ये रोमहून पाकीट आलं. फादरांचा लेख छापून आला होता, खाली बाबांचे, बॅप्टिस्ट असं नाव छापून, आभार मानलेले. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की आता याचं पुस्तक होणार आहे. तुमच्या ओर्त्याचा, बावखळासकट, एखादा छान फोटो पाठवाल का? मी मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा आता तरी शिवी देतील म्हणून मी वाट बघत थांबले. मला ती ऐकायची होती.

"फादरनी मागितलाय," बाबा म्हणाले, "तर द्यायला पाहिजे."

रविवारी मिस्सा झाल्यावर ते इस्त्रीच्या शर्टातच क्लेमेंटमामांकडे गेले. त्यांचं बावखळ अजून शाबूत होतं. बाबांनी त्यांना विचारलं की थोडा वेळ तुमच्या वाडीत उभा राहू का. स्टुडिओवाल्याने दोन फोटो काढले. बाबा केळीच्या घडावर हात ठेवून उभे आहेत, मागे पाणी दिसतंय.

फोटोच्या मागे काय लिहायचं ते बाबांनी सांगितलं आणि मी माझ्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: बॅप्टिस्ट, स्वतःच्या ओर्त्यात.