साडेसहा औंस भुगा

हॅदरशॉ हौशी लाइट ऑर्केस्ट्रात डेस्मंड क्लेग चाळीस वर्षं सेकंड व्हायोलिन वाजवत होता, आणि चाळीस वर्षांत त्याला एकदाही बढती मिळाली नव्हती. उलट सरकत सरकत तो अगदी शेवटच्या स्टँडपाशी येऊन पोचला होता. त्याच्या मागे फक्त रेग ब्रॉडबेंटचे ढोल आणि ढोलांच्या मागे मेथडिस्ट चर्चच्या हॉलची भिंत. भिंत नसती तर डेस वाजवत वाजवत बसस्टॉपपर्यंत गेला असता, असं रेग म्हणायचा.

व्हायोलिनवाल्यांमध्ये सुरावटीची पानं ठेवायला दोघांत एक स्टँड असतो. प्रेक्षकांच्या बाजूला बसतो तो वाजवत राहतो, आतल्या बाजूचा पान उलटतो. डेस्मंड आतला. बाहेरच्या बाजूला त्याची बायको डोरीन. पानावर पेन्सिलीने खुणा करायचं कामसुद्धा खरं तर आतल्याचं, पण डोरीनने पेन्सिल कधी त्याच्या हाती लागू दिली नाही. "तुझं अक्षर गॅसच्या बिलावरच शोभतं," ती म्हणायची. तो घरोघर जाऊन गॅसचे मीटर वाचायचा.

डोरीनला जाऊन चौदा महिने झाले होते. तिची खुर्ची मात्र अजून तिथंच होती. यात कुणाची भावना वगैरे नव्हती. हॉलच्या खुर्च्या दोन-दोनच्या जोडीने एकमेकींना अडकवलेल्या असतात आणि ती आकडी सोडवायचा पाना हरवला होता.

घरी डोरीनचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. कपडे धर्मादाय दुकानात गेले. पत्रं नव्हतीच, कारण दोघं एकमेकांपासून कधी चार दिवस लांब राहिले नव्हते. आणि फोनच्या मशीनवर आवाज होता तो त्याचा स्वतःचा. डोरीन राहिली होती ती ऑर्केस्ट्रात, त्यांच्या स्टँडवरच्या सुरावटीच्या चौदा नंबरच्या फोल्डरमध्ये. जवळजवळ चाळीस वर्षं ती त्या पानांवर पेन्सिल दाबून दाबून लिहीत आली होती. "डेस, खांदे खाली." "क्लाइव्हकडे बघू नकोस, तो चुकलाय." क्लाइव्ह म्हणजे ऑर्केस्ट्राचा संचालक. एका वॉल्ट्झच्या दुसऱ्या पानावर, "इथे तू नेहमी घाई करतोस. लग्नाचीही केलीस." आणि त्याच्याच खाली, सन त्र्याण्णवच्या कुठल्यातरी गुरुवारी, "दूध नाहीये. पाव. आईला फोन."

दर गुरुवारी सात वाजता डेस्मंड सरावाला यायचा, म्हणजे खरं तर वाचायला यायचा. व्हायोलिन निमित्तापुरतं.

फोल्डर घरी न्यायला बंदी होती. पूर्वी एका ट्रोंबोनवाल्याचं फोल्डर बसमध्ये राहिलं, ते सहा दिवस लीड्सला राहून आलं आणि येताना आतल्या पानांना जॅम लागला होता. तेव्हापासून म्युरिएल पॉगसन सगळी फोल्डरं कुलपात ठेवायची. म्युरिएल ऑर्केस्ट्राची ग्रंथपाल. आयुष्यभर तिने एकही वाद्य वाजवलं नाही, पण कुठल्या पानाला कुठे दुमड आहे ते ती झोपेत सांगेल. तिच्या दोन आज्ञा होत्या: शाई वापरायची नाही, आणि पेन्सिल मऊच हवी.

आता पुढच्या मोसमापासून नवीन, मोठ्या टायपाच्या प्रती येणार होत्या. जुन्या रद्दीत. तेव्हा डेस्मंडने ठरवलं की चाळिसाव्या वर्धापनदिनाची मैफल आटोपली की म्युरिएलला विचारायचं: चौदा नंबर मला देशील का? वाक्य साधंच होतं. तरी त्याने ते दोन आठवडे दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिलं. एकदा गाल कापला.

मैफल शनिवारी दुपारी अडीचला होती, कारण श्रोत्यांपैकी निम्म्यांची शेवटची बस साडेपाचला सुटायची. जमणारे पैसे समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या लाइफबोटीला जाणार होते. हॅदरशॉहून समुद्र सत्तर मैल लांब, आणि गावात पाणी म्हणजे एक कालवा, ज्यात बुडायचं तर आडवं व्हावं लागतं. पण पहिल्या वर्षी कुणीतरी लाइफबोट सुचवली होती, आणि चाळीस वर्षांत ती बदलण्याइतकं धाडस कुणाला झालं नव्हतं.

डेस्मंड सव्वादोनला आपल्या जागेवर बसला. नेहमीप्रमाणे स्टँड थोडा डोरीनच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला, तिला दिसावं म्हणून, आणि फोल्डर उघडलं.

पान कोरं होतं.

म्हणजे सूर होते. काळे, छापलेले, सगळे जागच्या जागी. बाकी काही नव्हतं. त्याने दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. चष्मा काढून पुसला. सगळी पानं नुकत्याच आंघोळ घातलेल्या पोरांसारखी लख्ख होती.

"दिसलं का?" म्युरिएल त्याच्यामागे येऊन उभी होती. गालांवर लाली आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी. "कुणाला सांगू नकोस, सगळ्यांना सरप्राइज आहे. शुक्रवारी सकाळी बसले ते आज पहाटेपर्यंत. सव्वीस फोल्डरं, अकरा खोडरबर! मध्यंतरात टेबलावर मांडणार आहोत ना, 'संगीताची चाळीस वर्षं' म्हणून. महापौरबाई पानं उलटून बघणार. तिथे काय तुमचं खरडलेलं दाखवायचं?"

डेस्मंडने तोंड उघडलं. दोन आठवडे घोटलेलं वाक्य ओठांशी आलं आणि तिथेच बसलं, कारण त्या वाक्याला आता काही अर्थ उरला नव्हता.

"खूप छान झालंय, म्युरिएल," तो म्हणाला.

"हो की नाही? आणि कचरासुद्धा वाया घालवला नाही हं. तो बघ." दाराजवळच्या टेबलावर मार्मलेडची एक मोठी बरणी होती. आत काठोकाठ करडा, गुंडाळ्या गुंडाळ्या झालेला खोडरबराचा भुगा. बरणीला रिबीन आणि पुढे पुठ्ठा: 'वजन ओळखा! बक्षीस शेरीची बाटली.' "चाळीस वर्षांच्या चुका आहेत त्यात," म्युरिएल अभिमानाने म्हणाली. "लाइफबोटीसाठी."

ती पुढच्या स्टँडकडे वळली. मागून रेगने ढोलाच्या काठीने डेस्मंडच्या खांद्यावर टोचलं.

"काय झालं रे? चेहरा असा काय, गळाचा मासा निसटल्यासारखा?"

"काही नाही."

"पानं धुतली म्हणे तिने. मला काय फरक पडतोय? मी वाचतो कुठे?" रेग खिदळला. "चाळीस वर्षांत मी त्या क्लाइव्हकडेसुद्धा बघितलेलं नाही. तुझा आणि डोरीनचा गज बघतो आणि ठोकतो. आता तुझा एकट्याचा."

पूर्वार्ध बरा गेला. बरा म्हणजे नेहमीइतकाच वाईट. मध्यंतरात महापौरबाईंनी पानं उलटली आणि "किती स्वच्छ!" म्हणाल्या. डेस्मंड बरणीपुढे उभा राहिला. वजन ओळखायच्या यादीत लोकांनी चार औंस, सात औंस असं काय काय लिहिलं होतं. त्याने बराच वेळ बरणीकडे पाहिलं आणि लिहिलं, 'दोन पौंड'.

"शहाणा आहेस का?" चहाच्या रांगेतून रेग ओरडला. "बरणीसकटही तेवढी भरणार नाही!"

आणि मग उत्तरार्धाच्या शेवटी तो वॉल्ट्झ आला.

या वॉल्ट्झमध्ये मधोमध फ्रेंच हॉर्नची एक लांबलचक एकट्याची जागा आहे. म्हणजे छापलेली आहे. हॅदरशॉत ती कुणी शहाऐंशी सालानंतर ऐकली नव्हती, कारण शहाऐंशीत हॉर्नवाले मिस्टर टिंकर वारले आणि त्यांच्यानंतर गावात हॉर्न वाजवणारा जन्मला नाही. तेव्हा ऑर्केस्ट्राने तो भाग गाळून टाकला. सगळ्यांनी आपापल्या पानावर पेन्सिलीने जाड रेघ मारली आणि लिहिलं: 'इथून शेवटाकडे उडी.' तेव्हापासून सगळे ती रेघ बघून उडी मारायचे. उडी मारतोय हे आता कुणाच्या ध्यानातही नव्हतं, जसं रोजच्या जिन्याच्या पायऱ्या कुणी मोजत नाही.

ती रेघ आता मार्मलेडच्या बरणीत होती. संचालक क्लाइव्हच्या पानावरचीसुद्धा.

डेस्मंडने मात्र दुसरं पान उलटलं, आणि त्याला पानाची गरजच पडेना. इथे 'खांदे खाली', म्हणून त्याने खांदे खाली घेतले. इथे 'लग्नाचीही केलीस'. त्याने घाई केली नाही. 'दूध नाहीये' आलं आणि गेलं. आणि मग ती जागा, जिथे डोरीनने लिहिलं होतं, 'उडी! पाय सांभाळ, म्हाताऱ्या.' तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

डेस्मंडने उडी मारली.

त्याचा गज बघून रेगने मारली.

बाकीच्या छत्तीस जणांनी, छापलंय तसं, सरळ पुढे जायला सुरुवात केली.

मग जे झालं त्याबद्दल हॅदरशॉत अजून दोन मतं आहेत. सगळा ऑर्केस्ट्रा अगदी हळू आवाजात नुसताच ठेका धरून उम-पा-पा, उम-पा-पा करत होता, आणि त्या ठेक्यावर यायचं ते मिस्टर टिंकरचं गाणं काही येत नव्हतं. क्लाइव्हने अठ्ठावीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या दिशेने हात केला. तिथे चहाची टाकी होती. टाकीने फुस्स केलं. आणि या सगळ्यात मागच्या कोपऱ्यात एक व्हायोलिन आणि दोन ढोल वॉल्ट्झचा भव्य शेवट वाजवत होते, जिवाच्या आकांताने, दोघंच.

रेगने शेवटचा दणका दिला. खिडकीच्या काचा हलल्या. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. महापौरबाई आभार मानायला उठल्या, "मित्रहो," म्हणाल्या, आणि उम-पा-पा चालूच आहे हे पाहून बसल्या. मग कुणी बासरीवाली उडी आठवून मध्येच शेवटात शिरली. महापौरबाई पुन्हा उठल्या. पुन्हा बसल्या. तिसऱ्या शेवटानंतर त्या उठल्याच नाहीत, तेव्हा खरा शेवट झाला होता.

डेस्मंड आपला शेवट कधीच संपवून व्हायोलिन मांडीवर घेऊन बसला होता. सगळे वाजवत होते आणि त्याचं वाजवून झालं होतं. शेजारची खुर्ची त्याच्या खुर्चीला आकडीने अडकलेली. त्याला वाटलं, आत्ता ती असती तर एवढी हसली असती की तिचा गज खाली पडला असता. आणि पेन्सिल काढून तिने काय लिहिलं असतं? तो पानाकडे बघत विचार करत राहिला. चौदा महिन्यांत तिने नवीन काही लिहिलं नव्हतं, हे त्याच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

क्लाइव्ह घामाघूम होऊन आला. "डेस्मंड! अरे, पान बघून वाजवत जा ना! पानावर काय होतं?"

"काहीच नव्हतं," डेस्मंड म्हणाला.

वजन निघालं साडेसहा औंस. शेरी महापौरबाईंना मिळाली, आणि त्यांनी ती बरीच घट्ट धरली. हॉल रिकामा व्हायला लागला. रेग ढोल गुंडाळून "चल रे उडीबहाद्दर, गुरुवारी!" म्हणत निघून गेला. म्युरिएल टेबलावरच्या चादरीची घडी घालत होती. बरणीचं झाकण उघडून तिने ती कचऱ्याच्या पिंपावर धरली.

"म्युरिएल," डेस्मंड म्हणाला. "ती मला देशील का?"

वाक्य तेच होतं. वस्तू वेगळी.

"ही? अरे, कचरा आहे हा."

"हो."

"बरणी हवीये का? धुऊन देते."

"नको. आहे तशीच."

म्युरिएलने त्याच्याकडे पाहिलं, मग बरणीकडे. "चौदा नंबर तुमच्याच स्टँडचं ना रे?" ती हळूच म्हणाली. "त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. अंगठा त्यातच सोलला. कोण एवढं दाबून लिहायचं?"

"डोरीन."

चादरीची घडी म्युरिएलच्या हातातून सुटली. "मी वाचलं नाही रे," ती म्हणाली. "शपथ. चष्मा नव्हता, सगळ्या खुणाच वाटल्या. एकच वाचलं. 'दूध' म्हणून काहीतरी. मला वाटलं, इथे मऊ वाजवायचं असेल."

"तसंही वाजवून बघायला हवं," डेस्मंड म्हणाला.

तिने झाकण घट्ट लावलं. मग रिबीन पुन्हा बांधली, सोडली, आणि नीट गाठ मारून पुन्हा बांधली.

बहुतेक श्रोते आधीच्याच बसने गेले होते, त्यामुळे साडेपाचच्या बसमध्ये गर्दी नव्हती. डेस्मंड खिडकीच्या बाजूला सरकला, म्हणजे आत, आणि बाहेरच्या सीटवर बरणी ठेवली. अडतीस जणांची चाळीस वर्षं त्यात एकत्र मळलेली होती: क्लाइव्हच्या शिव्या, बासरीवालीचे डॉक्टरकडे जायचे वार, मिस्टर टिंकरच्या जागेवरची रेघ. त्यातली डोरीन कुठली, हे कुणालाच सांगता आलं नसतं. वळणावर बरणी कलंडायला लागली, तेव्हा त्याने तिच्यावर हात ठेवला.

कोपऱ्यावरच्या दुकानापाशी तो एक स्टॉप आधीच उतरला. घरी दूध नव्हतं.